आधी पंचांनी वाकावं: विदर्भातल्या गावमंडळ्यांच्या कारभाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
विदर्भातल्या खेड्यापाड्यांतल्या ख्रिस्ती मंडळ्यांचे पाळक, पंच, खजिनदार आणि कमिटीचे सर्व सभासद यांस,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला की मंडळ्यामंडळ्यांत नम्रतेवर उपदेश सुरू होतात. उपदेश वाईट नसतात, पण ते कोणाला उद्देशून असतात ते एकदा बघा. सुनेनं सासूपुढं नम्र असावं, तरुणांनी वडीलधाऱ्यांपुढं, सालदारानं मालकापुढं आणि सगळ्या मंडळीनं पाळकापुढं. म्हणजे जो आधीच वाकलेला आहे त्यालाच आणखी वाक म्हणायचं. म्हणून हे पत्र आम्ही मंडळीला न लिहिता तुम्हाला लिहितो आहोत.

बायबलातल्या, पौलानं लिहिलेल्या फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय आपण या विषयावर हमखास वाचतो. त्यात वाकणारा कोण आहे? जो देवाच्या बरोबरीचा होता तो, येशू. दासाचं रूप त्यानं आपण होऊन घेतलं, कोणी त्याला दटावून खाली बसवलं नव्हतं. पेत्राच्या पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय तर आणखी सरळ आहे. पहिल्या चार वचनांत तो वडिलांना, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यांना, बजावतो की कळपावर धनीपणा करू नका, कित्ते व्हा. पाचव्या वचनात तो तरुणांकडं वळतो आणि त्याच दमात 'तुम्ही सर्व जण' म्हणून साऱ्यांनाच नम्रता पांघरायला सांगतो. आपल्याकडं या पाचव्या वचनाचा पहिला तुकडा तोंडपाठ असतो. तिसरं वचन क्वचित वाचलं जातं, आणि वाचलं तरी पुढच्या रांगेकडं बघून कोणी वाचत नाही.

कोणाच्या मनात नम्रता किती हे देव जाणे. ते मोजायला आम्ही बसलेलो नाही. मात्र मंडळीच्या कारभारात ती आहे की नाही हे बाहेरून येणाऱ्या परक्या माणसालाही अर्ध्या तासात कळतं: कोण कुठं बसतो, नावं कोणाची वाचली जातात, झाडू कोणाच्या हातात असतो, चुकलं तर माफी कोण मागतो. म्हणून आम्ही कारभाराबद्दलच बोलणार आहोत.

पवित्र गुरुवार, म्हणजे येशूनं शिष्यांचे पाय धुतले त्या रात्रीच्या आठवणीचा दिवस, जवळ आला आहे, तर पाय धुण्याच्या विधीपासून सुरू करू. ज्या मंडळ्यांत हा विधी होतो त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी बारा जण आधीच ठरलेले असतात: चार कमिटीचे, तीन त्यांचे साडू-मेहुणे, उरलेले देणगीदार. सगळे घरून साबणानं पाय घासून येतात. पाळक प्रत्येकाच्या अंगठ्यावर चमचाभर पाणी सोडतात, टॉवेल टेकवल्यासारखा करतात, मोबाईलवाला पोरगा 'पास्टर साहेब, इकडं बघा' म्हणतो, आणि दहा मिनिटांत सगळं आटोपतं.

योहानाच्या तेराव्या अध्यायात काय काय घडतं ते क्रमानं पाहा. येशू जेवणावरून उठला, बाहेरची वस्त्रं काढून ठेवली, रुमाल कमरेला बांधला, गंगाळात पाणी ओतलं, पाय धुतले, कमरेच्याच रुमालानं पुसले. त्या काळी उघड्या वहाणांतून धुळीच्या वाटेनं आलेल्या माणसाचे पाय धुणं हे घरच्या गुलामाचं काम. त्याच जेवणाच्या वेळी शिष्यांत 'आपल्यात मोठा कोण' यावरून वाद लागला होता, असं लूक बाविसाव्या अध्यायात सांगतो. आणि धुतलेल्या पायांत येशूला धरून देणाऱ्या यहूदाचेही पाय होते. तो त्या वेळी उठून गेलेला नव्हता, तो नंतर गेला.

तेव्हा यादीपासून बदल करा. बारा जणांत निदान एक सालदार, एक विधवा, मंडळीचं आवार झाडणारी व्यक्ती, दहावी नापास झालेला एखादा पोरगा आणि ज्याचं कमिटीशी वाकडं आहे असा एक जण असावा. हा शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा. त्याला निरोप शिपायाकरवी धाडू नका, पाळकानं स्वतः घरी जाऊन सांगावं. तो नाही म्हणाला तर आग्रह नको. त्याची खुर्ची मात्र रिकामी का होईना, ठेवा.

पाण्याचा हिशोब सोपा आहे. दोन्ही पायांना माणशी दीड लिटर धरलं तर बारा जणांना अठरा लिटर लागतं, म्हणजे वीस लिटरची एक बादली पुरते. टँकरवर जगणाऱ्या गावातही एवढं निघतं, आणि वापरलेलं पाणी आवारातल्या झाडाला घालता येतं. पायाखाली परात ठेवायची आणि वरून तांब्यानं धार सोडायची. एकाच गंगाळात एकामागून एक पाय बुडवू नका. चिखल्या, नायटे एकाचे दुसऱ्याला लागतात, आणि साखरेच्या आजाराच्या माणसाला पायाची जखम कळतही नाही. ज्या पायाला उघडी जखम आहे त्याला पाणी लावू नये, दुसरा धुवावा. सुती टॉवेल बारा असावेत आणि बोटांच्या बेचक्या नीट कोरड्या कराव्यात. धुवून घेणारा साध्या खुर्चीवर, धुणारा जमिनीवर पाटावर. स्टेजवर खुर्च्या मांडू नका. पाळकाचे गुडघे साथ देत नसतील तर दुसऱ्या वडिलानं धुवावेत, त्यात कमीपणा काही नाही.

घाई करायची नाही, आणि त्याला कारण आहे. या दिवसांत हरभरा, गहू, तुरीच्या रानात राबलेली बाई येते. काळ्या मातीत अनवाणी फिरलेल्या तिच्या टाचेच्या भेगा इतक्या खोल असतात की वरून पाय स्वच्छ झाला तरी भेगेत काळी रेघ उरतेच. ती काढायची तर अंगठ्याच्या पेरानं हळूहळू चोळावं लागतं, पाणी पुन्हा सोडावं लागतं, आणि दुखतंय का ते तिच्या तोंडाकडं बघून ओळखावं लागतं, कारण ती 'दुखते' म्हणणार नाही. एका माणसाला तीन-चार मिनिटं धरली तर बारा जणांना पाऊण तास लागतो. तेवढा वेळ मंडळीनं गीतं म्हणावीत. पाऊण तास कमिटीचा अध्यक्ष पाटावर बसलेला दिसला की त्या गावात नम्रतेवर वेगळा उपदेश लागत नाही.

बायांचे पाय धुवावेत की नाही यावर अजून वाद घालत बसतात. कॅथलिक मंडळीत पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली रोमच्या बालसुधारगृहात मुलींचेही पाय धुतले, आणि जानेवारी २०१६ मध्ये तशी रीतसर परवानगीच काढली. गावच्या रिवाजाला धरून बायांचे पाय पाळकीणबाईंनी किंवा सेविकेनं धुतले तरी चालेल. एक मात्र पाहा, की विधी पुरुषांचा आणि पाणी भरणं, टॉवेल धुणं, ओली जमीन पुसणं बायांचं, असं होऊ नये. ती मागची कामं त्या दिवशी पंचांनीच करावीत. फोटो काढूच नका. शेवटी पाळकानं खुर्चीवर बसून आपलेही पाय कोणाकडून तरी धुवून घ्यावेत. पेत्र 'माझे पाय कधीच धुवू नका' म्हणाला होता. वरच्या माणसाला घेणं देण्यापेक्षा जड जातं, आणि तिथंच त्याचा ताठा पकडला जातो.

आता पैशाचं. हंगामाच्या सणाला मंडळीत कापूस, ज्वारी, तूर, धान, संत्री, कोंबड्या, अंडी असं सगळं वेदीपुढं येतं, फार सुंदर दिसतं. मग लिलाव लागतो आणि सगळी रया जाते. पपईवर दोन वडील चढाओढ करतात, आकडा बाजारभावाच्या वीसपट जातो, माईकवरून नाव तीनदा पुकारलं जातं, टाळ्या पडतात. त्याच ढिगात एका बाईनं पदराखालून आणलेली पायलीभर ज्वारी कोपऱ्यात तशीच राहते आणि संध्याकाळी कोणीतरी 'हे कोणाचं हो?' म्हणून पिशवी उचलतो. मंदिराच्या भांडाराजवळ बसून येशूनं ज्या विधवेची दोन नाणी पाहिली, तिला आपण दरवर्षी असं कोपऱ्यात ठेवतो.

लिलाव बंदच करा असं आम्ही म्हणत नाही, त्यातून छपराला आणि आजाऱ्याला पैसा मिळतो. पण आलेला माल जिन्नसवार एकत्र करा, म्हणजे ज्वारीत ज्वारी, तुरीत तूर. कोणी काय आणलं हे वेदीपुढं कळूच नये. त्याचे दोन-दोन किलोचे सारखे वाटे करा, भक्ती संपल्यावर बाहेर मांडवात बाजारभावानं विका, आणि ज्याला जास्त द्यायचं त्यानं उरलेली रक्कम पेटीत टाकावी. पहिल्या वर्षी रक्कम थोडी कमी येईल. बोली लावून देणारे काही जण रागावतील. त्यांचा राग दोन हंगामांत उतरतो, कारण ज्यांना द्यायचंच असतं ते पेटीतही देतात.

मोठ्या देणग्यांची यादी माईकवरून वाचण्याची चाल मोडा. पावती प्रत्येकाला द्या, दहा रुपयांचीही द्या, आणि वर्षाच्या हिशोबात पावती क्रमांक छापा, नावं नकोत. पंख्यांच्या पात्यांवर देणाऱ्याचं नाव रंगवलेलं असतं. चालू पंख्यावर ते वाचता येत नाही एवढंच समाधान. नवे पंखे तरी कोरे असू द्या.

इथं एक गैरसमज होतो. 'उजव्या हाताचं डाव्याला कळू नये' या वचनाचा आधार घेऊन काही खजिनदार हिशोबच दाखवत नाहीत. ते वचन देणाऱ्याला आहे, घेऊन ठेवणाऱ्याला नाही. पौलानं यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी जमवली तेव्हा तो एकटा ती घेऊन निघाला नाही. मंडळ्यांनी निवडलेला माणूस त्यानं बरोबर घेतला आणि कारणही लिहून ठेवलं: प्रभूपुढंच काय, माणसांपुढंही व्यवहार चोख दिसावा (२ करिंथ ८:२०-२१). एवढा मोठा प्रेषित स्वतःला तपासून घ्यायला तयार होता. म्हणून दर रविवारचं अर्पण दोघांनी मोजावं, एक कमिटीतला आणि एक कमिटीबाहेरचा, आणि ते एकमेकांचे नातलग नसावेत. कोणत्या नोटा किती ते वहीत लिहावं, तिथंच दोघांनी सही करावी, बँक उघडताच रक्कम भरावी. महिन्याचा जमाखर्च देवळाच्या भिंतीवर लावावा. 'तुमचा माझ्यावर भरवसा नाही का?' असं जो खजिनदार विचारतो, त्याला प्रेमानं पण ताबडतोब बदलावं.

बसण्याचं थोडक्यात सांगतो. याकोबानं दुसऱ्या अध्यायात सोन्याच्या अंगठीवाल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यांच्या माणसाला 'तिकडं उभा राह' म्हणणाऱ्यांना पुरतं झोडपलं आहे. आपल्या नाताळच्या कार्यक्रमाला पुढाऱ्यासाठी सोफा येतो आणि ऐंशीच्या घरातली म्हातारी सतरंजीवर मांडी घालायला धडपडते. खुर्च्या गुडघ्यांवरून वाटा, पदावरून नको. शाल-श्रीफळांचा सोहळा पाच मिनिटांत उरका. फ्लेक्सवर कमिटीचे फोटो नकोतच.

कमिटीच्या बैठकीकडं येऊ. बैठक कामाच्या दिवशी अकरा वाजता ठेवली की रोजीवाला येत नाही, कारण त्याचा दिवस बुडतो. मग 'ती माणसं येतच नाहीत, त्यांना आस्था नाही' असं इतिवृत्तात नोंदतात. बैठक रविवारी भक्तीनंतर किंवा रात्री आठला घ्या. टेबल-खुर्ची काढा, सतरंजीवर गोल बसा. बोलण्याचा क्रम उलटा करा, म्हणजे आधी सगळ्यात लहान, मग बाया, मग इतर सभासद, आणि अध्यक्ष अगदी शेवटी. हे आमच्या डोक्यातून निघालेलं नाही. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठासाठी जे नियम घालून दिले त्यांत तिसऱ्याच प्रकरणात आहे की महत्त्वाच्या गोष्टीसाठी सगळ्यांना बोलवा, कारण बऱ्याचदा देव चांगली गोष्ट लहानालाच दाखवतो. अध्यक्ष आधी बोलला की काय होतं हे तुम्ही रोज बघता: 'आमाले काय समजते, तुमी करसान ते बराबर.' हे वाक्य नम्रतेचं वाटतं, पण ते भीतीचं असतं, आणि त्या भीतीवर वर्षानुवर्षं ठराव पास होतात.

एका माणसानं सलग दोन मुदतींपेक्षा जास्त पद धरू नये. सोडताना किल्ल्या, पासबुक, जमिनीचे कागद आणि कज्ज्यांच्या फायली यादी करून, दोन साक्षीदारांसमोर नव्या माणसाच्या हाती द्याव्यात. पद सोडूनही कागद घरात ठेवणारा माणूस पद सोडत नसतो. योहानाच्या तिसऱ्या पत्रात दियत्रफेस नावाचा एक जण आहे. त्याचा दोष एका ओळीत सांगितलाय की त्याला पुढारपणाची हौस होती. आणि पुढं तेच सांगितलंय जे अशा हौसेतून नेहमी निघतं: आलेल्या बंधूंना तो घेत नाही आणि घेणाऱ्यांना मंडळीबाहेर घालवतो.

याच विदर्भात, नागपुरात, २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा वेगवेगळ्या मंडळ्यांनी आपापली जुनी नावं आणि जुन्या घटना बाजूला ठेवल्या आणि उत्तर भारताची मंडळी उभी केली. अँग्लिकन, बाप्तिस्त, ब्रेदरन अशी कितीतरी जणांनी जिवापाड जपलेली नावं त्यांत होती. ज्यांच्या आजोबांनी नाव सोडलं त्यांची नातवंडं आज दोन गुंठे जागेपायी कोर्टाच्या पायऱ्या झिजवताना दिसतात, आणि एकाच गावातल्या दोन प्रार्थनाघरांतली माणसं आठवडी बाजारात एकमेकांना सलाम करत नाहीत. यात पहिलं पाऊल मोठ्या मंडळीनं टाकावं. लहान मंडळीच्या पाळकाला आधी आपल्या देवळात प्रभुभोजनाला आणि उपदेशाला बोलवा, मग त्यांच्याकडं जा. अट घालू नका.

माफीवर जरा जास्त लिहावं लागेल, कारण सगळ्यात जास्त फसवाफसवी इथंच चालते. वार्षिक सभेत अध्यक्ष उठतात आणि म्हणतात, 'माझ्याकडून कळत-नकळत काही चुकलं असेल तर मोठ्या मनानं माफ करावं.' सगळे माना डोलावतात. या वाक्यात माफी कुठं आहे? 'असेल तर' म्हटल्यावर चूक झाली की नाही हे सिद्ध करायचं काम दुखावलेल्यावर गेलं. कोणती चूक हे सांगितलंच नाही. आणि 'मोठ्या मनानं' म्हणून ज्याचं नुकसान झालं त्याच्याच मोठेपणाची परीक्षा सुरू केली.

खरी माफी मागायची तर चार गोष्टी बोलाव्या लागतात: मी काय केलं, कोणाला केलं, त्याचं काय नुकसान झालं, आणि मी ते कसं भरून देणार. उदाहरणार्थ, 'तुमच्या मुलीच्या लग्नाला ठरलेली तारीख मी कमिटीला न विचारता दुसऱ्यांना दिली. तुम्हाला मांडववाल्याचा विसार सोडावा लागला. तो विसार मी या महिन्यात भरून देतो.' यात 'पण' हा शब्द कुठंच नको. 'पण तेव्हा माझ्यावर दबाव होता' आलं की माफी मावळली आणि वकिली सुरू झाली. जिथं अपमान केला तिथंच माफी मागायची. चारचौघांत बोललेलं असेल तर चारचौघांत. घरी जाऊन चहाबरोबर मागितलेली पुरत नाही. जकातदार जक्कयानं नुसतं वाईट वाटल्याचं सांगितलं नाही, फसवून घेतलेलं चौपट परत देतो म्हणाला, आणि ते लोकांच्या देखत म्हणाला.

पुढची चूक हमखास पाळकाच्या हातून होते. माफी मागून झाल्याबरोबर ते दुखावलेल्या माणसाला पुढं बोलावतात, माईक देतात, 'आता तुम्ही क्षमा करा, गळाभेट घ्या' म्हणतात. असं करू नका. त्याला वेळ द्या. सक्तीनं घेतलेली गळाभेट पुढच्या भांडणात व्याजासकट निघते. मत्तय ५:२३-२४ प्रमाणे वेदीपाशी आठवलं तर अर्पण तिथंच ठेवून आधी जायचं असतं ते ज्याच्याविरुद्ध दुसऱ्याच्या मनात काही आहे त्यानं. हे प्रत्यक्षात घडायला हवं असेल तर प्रभुभोजनाची सूचना निदान दोन रविवार आधी द्या, म्हणजे भेटायला चौदा दिवस मिळतात. आदल्या रात्री सांगून कोणी कोणाच्या दारात जात नाही.

आता जे बोलायला कडू आहे ते. 'नम्र राहा, सहन करा' हे शब्द मार खाणाऱ्या माणसाला सांगू नका. प्रमुख याजकापुढं शिपायानं येशूला चपराक मारली तेव्हा तो गप्प राहिला नाही. मी वाईट बोललो असेन तर सिद्ध कर, बरं बोललो असेन तर मला का मारतोस, असं त्यानं सरळ विचारलं (योहान १८:२३). फिलिप्पैच्या अधिकाऱ्यांनी पौल आणि सीला यांना चौकशीशिवाय फटके मारले आणि सकाळी गुपचूप सोडून द्यायला निघाले, तर पौल अडून बसला: आम्ही रोमी आहोत, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं (प्रेषितांची कृत्ये १६:३७). ज्यानं नम्रतेवर सगळ्यात सुंदर अध्याय लिहिला त्याच पौलाचं हे बोलणं, आणि तो अध्याय ज्यांना लिहिला त्यांच्याच गावातलं.

घरात मार खाणारी बहीण पाळकाकडं आली तर तिचं बोलणं एकटीचं ऐका, जवळ सेविका किंवा पाळकीणबाई असू द्या. नवऱ्याला लगेच बोलावून समेट घडवायला बसू नका. त्या रात्री तिलाच जास्त मार पडतो. लागलेलं असेल तर आधी सरकारी दवाखान्यात न्या, म्हणजे उपचारही होतो आणि नोंदही राहते. १८१ हा महिलांच्या मदतीचा क्रमांक आहे, तातडीला ११२, मुलांसाठी १०९८. हे तीन आकडे देवळाच्या फलकावर वचनाशेजारी रंगवा. मजुरी थकवणारा मालक आपल्याच मंडळीचा वडील असेल, तर मजुराला नम्रता शिकवण्याआधी वडिलाकडून मजुरी काढून द्या. याकोबाच्या पाचव्या अध्यायात थकवलेली मजुरी ओरडते, आणि ती ओरड कोणापर्यंत पोचते हेही तिथंच आहे.

उलटीकडची खोटी नम्रताही असते. काम सांगितलं की 'मी त काहीच नाही, माझ्यानं कसं होईल' म्हणायचं, दोनदा-तीनदा आग्रह करून घ्यायचा, आणि दुसऱ्याला काम दिलं की रुसायचं. पौलानं कलस्सैकरांना अशा दिखाऊ लीनतेबद्दल सावध केलं आहे. अशांना एकदाच विचारा. नाही म्हणाले तर आभार माना आणि पुढं चला.

प्रार्थनेनं बरं करण्याच्या सभा गावोगाव होतात. तिथं पेत्राचं बोलणं आठवा. सुंदर नावाच्या दरवाजापाशी लंगडा चालू लागला तेव्हा तो म्हणाला की आम्ही आमच्या सामर्थ्यानं याला चालवलं अशा नजरेनं आमच्याकडं का बघता? प्रार्थना जरूर करा. पण क्षयाच्या रोग्याला 'विश्वास असेल तर गोळ्या सोड' म्हणणारा वक्ता आपला मान वाढवतो आणि रोग्याचा जीव घालवतो. साध्या क्षयाचं औषधही निदान सहा महिने न चुकता घ्यावं लागतं. मध्येच सोडलं तर आजार उलटतो आणि औषधाला जुमानत नाही. बीपी आणि साखरेच्या गोळ्यांचंही तेच, डॉक्टरला विचारल्याशिवाय एकही बंद करायची नाही. वक्त्याला बोलावतानाच हे सांगा. त्याला मान्य नसेल तर सभा नको.

साक्ष देताना शेजाऱ्याच्या धर्माची, दैवताची टर उडवणं थांबवा. लाऊडस्पीकरवरून तर मुळीच नको. आपल्या आशेबद्दल विचारणाऱ्याला सौम्यतेनं आणि आदरानं उत्तर द्या असं पेत्र सांगतो, आणि त्यात 'विचारणाऱ्याला' हे आहे. गाडगेबाबा आपल्याच विदर्भातले, अमरावती जिल्ह्यातले. कीर्तनाआधी ते खराटा घेऊन गाव झाडायचे. आपल्या देवळासमोरचा रस्ता सणाच्या आदल्या दिवशी पंचांनी झाडला तर गावाला आपली ओळख एका वर्षाच्या पत्रकांपेक्षा चांगली होईल.

शेवटचा विषय कबरस्तानाचा. मंडळीत कोणी वारलं की कबर कोण खोदतं? बहुतेक गावांत दोन-तीन गरीब घरं ठरलेली आहेत, आणि ती का ठरली हे सगळ्यांना माहीत असून कोणी बोलत नाही. जातपात आपण सोडली असं आपण म्हणतो, पण ती कबरस्तानाच्या फाटकाशी उभी असते.

कबर म्हणजे सहा फूट लांब, अडीच फूट रुंद आणि चार-पाच फूट खोल खड्डा, साठ ते पंचाहत्तर घनफूट माती. उन्हाळ्यात काळ्या रानाचा वरचा थर दगडासारखा असतो, सब्बल मारल्याशिवाय कुदळ लागत नाही. खाली ओल लागली की काम सोपं होतं, मुरूम लागला की पुन्हा सब्बल. चौघांनी दोन-दोनच्या पाळीनं खोदलं तरी तीन-चार तास जातात. पावसाळ्यात उलटं होतं: खड्ड्यात पाणी झिरपतं, काळी माती फुगते आणि बाजू आत ढासळतात. म्हणून काढलेली माती काठापासून दोन फूट लांब टाकावी, वर ताडपत्री बांधावी, पाणी उपसायला बादली ठेवावी. बुजवल्यावर वर चांगला दीड फूट उंचवटा करावा, कारण माती बसते. पहिल्या पावसानंतर पुन्हा भर घालावी लागते. ती भर घालायला सहसा कोणीच जात नाही.

दोन सब्बली, दोन कुदळी, दोन फावडी, चार घमेली, एक ताडपत्री आणि दोन जाड दोर मंडळीच्या पैशातून घ्या आणि देवळाच्या खोलीत ठेवा. खोदणाऱ्यांची पाळी लावा. यादी अध्यक्षापासून सुरू करा, मग खजिनदार, मग सचिव, मग सभासद, आणि ती ईस्टरच्या आधी फलकावर लावा. ज्याला प्रकृतीमुळं जमत नाही त्यानं खोदणाऱ्यांसाठी पाणी आणि भाकरी न्यावी आणि काम संपेपर्यंत तिथं बसावं.

आपले,
विदर्भातल्या गावमंडळ्यांत सेवा करणारे काही उपदेशक आणि सेविका